बंद पडलेला लॅपटॉप व त्यांतील दप्तर

कपाटाची किल्ली हरवली म्हणून कोणी कपाटाला आग लावीत नाहीं. कारागिराला बोलावून कुलूप काढतात, आंतले कागद सुखरूप आहेत कीं नाहींत तें प्रथम पाहतात, आणि मग सवडीनें नवें कुलूप बसवितात. हा व्यवहार इतका उघड आहे कीं तो कोणाला शिकवावा लागत नाहीं. परंतु हेंच कपाट विजेवर चालणारें असलें, म्हणजे त्याचें नांव लॅपटॉप असलें, कीं शहाणींसुरतीं माणसेंहि गोंधळून जातात. सकाळीं बटण दाबावें आणि पडदा काळाच राहावा, किंवा निळ्या पडद्यावर चार इंग्रजी ओळी उमटून यंत्र तेथेंच थांबावें, लगेच घरांत हाक उठते, "सगळें गेलें!" वास्तविक त्या घटकेस बहुधा कांहींच गेलेलें नसतें. जें जातें तें पुढच्या दोन दिवसांत, घाईनें केलेल्या दुरुस्तीपायीं जातें.

रायगड जिल्ह्याच्या आंतल्या अंगास, महाड तालुक्यांत, वीर हें गांव आहे. कोंकण रेल्वेचा रोह्यापासून वीरपर्यंतचा टप्पा १९९३ च्या मार्च महिन्यांत सुरू झाला. २६ जानेवारी १९९८ रोजीं सर्व मार्ग खुला झाला, त्याच्या जवळजवळ पांच वर्षें आधीं गाडी वीरला येऊं लागली होती. गांवीं वडील माणसें आणि पोटासाठीं मुंबईस गेलेलीं मुलें, ही या मुलखाची जुनी रीत. मुलानें वापरून जुना केलेला लॅपटॉप वडिलांच्या हातीं येणें, ही नवी रीत. अशाच एका घराची कल्पना करावी. घरांत एक निवृत्त शिक्षक आहेत. गांव त्यांना गुरुजी म्हणतें. त्यांच्या लॅपटॉपांत शाळेच्या स्मरणिकेचें लिखाण आहे, गांवांतील घराण्यांविषयीं वीस वर्षें जमविलेलीं टिपणें आहेत, जमिनीच्या सातबाऱ्यांच्या प्रती आहेत, नातवंडांचीं छायाचित्रें आहेत, आणि धाकट्या भावाच्या दुकानाचा हिशेबहि आहे. आषाढांत एका रात्रीं विजेचा लपंडाव चालतो आणि सकाळीं यंत्र उघडत नाहीं. दुरुस्ती करणारा तरुण भला आहे, तो यंत्र उलटसुलट करून सांगतो, "गुरुजी, फॉर्मॅट मारावा लागेल." गुरुजी विचारतात, "आणि आंतलें लिखाण रे?" उत्तर येतें, "तें जाईल."

हें उत्तर खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. फॉर्मॅट करणें म्हणजे पाटी पुसून तिच्यावर नव्या रेघा आंखणें. रेघा आंखण्यापूर्वीं पाटीवरचा मजकूर उतरून घेतां येतो कीं नाहीं, हा प्रश्न त्या उत्तरांत विचारलेलाच नाहीं. तो प्रश्न घरच्या माणसानें विचारावा, आणि त्याचें उत्तर मिळेपर्यंत यंत्र कोणाच्या हातीं सोंपवूं नये, एवढ्यासाठीं या विषयाची थोडी ओळख प्रत्येक कुटुंबास असावी.

प्रथम एक भेद मनांत पक्का करावा. लॅपटॉप हा एक दिसला तरी त्यांत तीन वस्तु नांदत असतात. पहिली वस्तु यंत्र: पडदा, कळफलक, बॅटरी, आणि माहिती सांठविणारी डिस्क. दुसरी वस्तु कार्यप्रणाली, जिला सर्वजण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज किंवा लिनक्स हीं तिचीं नांवें. ती घरांतल्या कारभाऱ्यासारखी असते. कळ दाबली तर अक्षर उमटविणें, फाईल मागितली तर काढून देणें, हें काम तिचें. तिसरी वस्तु आपलें दप्तर, म्हणजे लिखाण, हिशेब व छायाचित्रें. कारभारी आजारी पडला म्हणून दप्तर जळत नाहीं. कारभारी नवा मिळतो, यंत्रहि बाजारांत मिळतें. दप्तर मात्र दुसरें मिळत नाहीं. म्हणून क्रम नेहमीं असाच असावा: आधीं दप्तर बाहेर काढावें, मग कारभारी बदलावा.

या भेदाचा मोठा पुरावा साऱ्या जगानें १९ जुलै २०२४ रोजीं पाहिला. क्राउडस्ट्राइक नांवाच्या अमेरिकन कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल त्या दिवशीं जगभर धाडली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख यंत्रें निळा पडदा दाखवून बंद पडलीं. विमानतळ खोळंबले, आपल्या देशांतील कांहीं विमानतळांवर तर उतारूंना हातानें लिहिलेले प्रवेशपास देण्यांत आले. त्या ८५ लाख यंत्रांतील दप्तरें कोठेंहि गेलीं नव्हतीं. यंत्र सेफ मोडमध्यें, म्हणजे अगदीं मोजक्या सामग्रीवर, सुरू करावयाचें, ती एक फाईल काढून टाकावयाची, आणि पुन्हां चालू करावयाचें, एवढाच उपाय होता. ज्यांनीं घाबरून तीं यंत्रें पुसलीं असतील त्यांनीं चालती विहीर बुजविली असेंच म्हणावें लागेल.

यंत्र सुरू होणें म्हणजे काय, हेंहि थोडें पाहिलें पाहिजे. बटण दाबल्यावर प्रथम जागें होतें तें मुख्य पट्टीवरील एका चिपेंत ठेविलेलें छोटें सॉफ्टवेअर. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. तें स्मृति, कळफलक व पडदा जागेवर आहेत कीं नाहींत तें तपासतें आणि मग डिस्क शोधतें. डिस्कवर बूट लोडर नांवाचा एक लहानसा चोपदार बसलेला असतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला हांक मारतो. गाभा उठला कीं बाकीचा परिवार उठतो आणि शेवटीं आपलें नांव व पासवर्ड विचारणारा पडदा येतो. या साखळींतील कोणती कडी तुटली हें पडद्याकडे नीट पाहिलें तर पुष्कळदां कळतें.

दिवाच लागत नसेल, पंख्याचा आवाजहि नसेल, तर दोष चार्जर, बॅटरी किंवा मुख्य पट्टीचा असण्याचा संभव आहे. अशा वेळीं डिस्क बहुधा धडधाकट असते. पंखा फिरतो पण पडदा काळा, असें असेल तर यंत्र एच.डी.एम.आय. केबलनें घरच्या टेलिव्हिजनला जोडून पाहावें. तेथें चित्र आलें तर केवळ पडदा बिघडला आहे. कंपनीचें नांव उमटतें आणि मग बूट करण्याजोगी डिस्क नाहीं अशा अर्थाची ओळ येते, तेव्हां चोपदार हरवला आहे किंवा डिस्कच दिसत नाहीं. मात्र त्याआधीं एखादा पेन ड्राइव्ह खोंचलेला राहिला नाहीं ना, तें पाहावें, कारण यंत्र कधीं कधीं त्याच्याच दारांत ताटकळत बसतें. विंडोजचें चिन्ह येऊन वर्तुळ फिरतच राहिलें किंवा निळा पडदा आला, तर आजारी आहे तो कारभारी. आणि डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा ठराविक आवाज येऊं लागला, तर ती डिस्क शेवटचे श्वास घेत आहे असें समजून यंत्र तत्काळ बंद करावें.

कांहीं साधे उपाय कोणासहि करतां येतात. चार्जर काढावा, जोडलेल्या सर्व वस्तु काढाव्या, बॅटरी सुटी होत असेल तर तीहि काढावी, आणि सुरू करण्याचें बटण अर्धा मिनिट दाबून धरावें. मग पुन्हां चार्जर लावून पाहावें. पावसाळ्यांतील विजेच्या धक्क्यांनंतर अडलेलें यंत्र एवढ्यानेंहि कधीं कधीं चालूं लागतें. विंडोज दोनतीन वेळां सुरू होतां होतां थांबली कीं ती आपण होऊन दुरुस्तीचा पडदा पुढें करते. त्यांत सेफ मोड असतो, नुकतीच बसलेली सुधारणा काढून टाकण्याची सोय असते, आणि पूर्वींच्या एखाद्या चांगल्या दिवसाच्या स्थितीवर परतण्याचीहि सोय असते. या तिन्हींना दप्तरास हात लावावा लागत नाहीं. त्याच पडद्यावर रीसेट म्हणून एक मार्ग दिसतो. तो मात्र वाचून समजून निवडावा. त्यांत फाईली ठेवून दुरुस्ती व सर्व पुसून दुरुस्ती असे दोन फांटे असतात, आणि दुसऱ्या फांट्यावर गेल्यास मागें फिरतां येत नाहीं. पहिल्या फांट्यावरहि दप्तराची प्रत बाहेर काढल्यावांचून जाऊं नये.

एवढ्यानें भागलें नाहीं तर दप्तर बाहेर काढण्याची खरी युक्ति योजावी. कारभारी आजारी असेल तर घटकाभरासाठीं पाहुणा कारभारी आणतां येतो. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केली व पुढें जगांतील हजारों लोकांनीं ती वाढविली. तिच्या उबंटू, लिनक्स मिंट इत्यादि आवृत्ति फुकट मिळतात, आणि त्यांचा एक गुण असा कीं, त्या यंत्रांत न बसवितां केवळ पेन ड्राइव्हवरून चालवितां येतात. यासाठीं दुसरा एक चालता संगणक लागतो; शेजाऱ्याचा किंवा मुलाचाहि चालेल. त्यावर उबंटूची फाईल उतरून घ्यावी आणि रूफस किंवा एचर अशा एखाद्या साधनानें ती पेन ड्राइव्हवर लिहावी. फाईल नुसती ओढून पेन ड्राइव्हवर टाकल्यास यंत्र तिच्यावरून सुरू होत नाहीं, हें लक्षांत ठेवावें. तसेंच या कामांत पेन ड्राइव्हवरचा जुना मजकूर पुसला जातो, हेंहि विसरूं नये. ८ किंवा १६ जीबीचा पेन ड्राइव्ह यासाठीं पुरतो.

हा पेन ड्राइव्ह आजारी लॅपटॉपला लावून बटण दाबतांच बूटची यादी उघडणारी कळ दाबीत राहावी. डेल व लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांत ती एफ१२ असते, एचपीच्या यंत्रांत एस्केप किंवा एफ९. यादींतून पेन ड्राइव्ह निवडला कीं उबंटू विचारतें, नुसतें चालवून पाहावयाचें कीं यंत्रांत बसवावयाचें. येथें नुसतें चालवून पाहण्याचा मार्ग घ्यावा. बसविण्याचा मार्ग घेतल्यास दप्तरावर पाणी पडण्याची भीति आहे. थोड्या वेळांत पडदा उजळतो, फाईलींची खिडकी उघडतां येते, आणि जी डिस्क मेली असें सर्वांनीं ठरविलें होतें तिच्यावरील सारे कप्पे समोर दिसूं लागतात. गुरुजींसारख्या माणसाला त्या क्षणीं काय वाटेल तें निराळें सांगावयास नको.

तथापि आनंदांत घाई करूं नये. बाहेरची एक डिस्क जोडावी व सर्व तिच्यावर उतरावें. त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या कप्प्यांत प्रत ठेवणें म्हणजे जळत्या घराच्या माडीवर सामान हलविणें होय. २०० जीबी मजकूर सेकंदास १०० एमबी या वेगानें उतरला तर सुमारें ३५ मिनिटें लागतात, आणि जुन्या यूएसबी जोडणीवर सेकंदास ३० एमबीच वेग मिळाला तर पावणेदोन तासांहून थोडा अधिक वेळ जातो. बारीकसारीक फाईली पुष्कळ असल्या तर याहूनहि जास्त. तेवढा वेळ चार्जर लावून यंत्र स्वस्थ असूं द्यावें.

काय उतरावें, या प्रश्नांतच पुष्कळांची फसगत होते. डॉक्युमेंट्स व पिक्चर्स हे दोन कप्पे घेतले कीं झालें, असा समज असतो. सी ड्राइव्हवरील यूझर्स या कप्प्यांत प्रत्येक माणसाच्या नांवाचा एक कप्पा असतो. तो सबंध घ्यावा. डेस्कटॉपवर टाकलेल्या फाईली त्यांतच असतात, आणि त्यांतच अॅपडेटा नांवाचा एक लपलेला कप्पा असतो, ज्यांत ब्राउझरच्या खुणा वगैरे राहतात. दुकानाचा टॅलीमधील हिशेब मात्र पुष्कळदां याच्या बाहेर, टॅलीच्या स्वतःच्या डेटा कप्प्यांत असतो. तो विसरला तर छायाचित्रें वांचलीं आणि उधारी बुडाली, असें व्हावयाचें. वनड्राइव्हसारखी सोय वापरणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी: कांहीं फाईलींचें येथें नुसतें नांव असतें व मजकूर दूरच्या सर्व्हरवर असतो, त्या तेथून उतरून घ्याव्या. शेवटीं दोन्हीं ठिकाणच्या फाईलींची संख्या व आकार ताडून पाहावा, आणि दहापांच फाईली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून वाचाव्या. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

दोन अडचणी मार्गांत येतात. पहिली बिटलॉकरची. नव्या लॅपटॉपांत डिस्कवरील मजकूर पुष्कळदां सांकेतिक रूपांत ठेविलेला असतो. कित्येकदां घरच्या माणसांना त्याचा पत्ताहि नसतो. मग पाहुणा कारभारी आला तरी त्याला कप्पे कुलूपबंद दिसतात. त्याची किल्ली म्हणजे ४८ अंकांची एक संख्या. यंत्र प्रथम सुरू करतांना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानें प्रवेश केला असेल त्या खात्यांत ती बहुधा जपून ठेविलेली असते. लॅपटॉप मुलानें दिला असेल तर खातेंहि मुलाचेंच असण्याचा संभव. तेव्हां मुंबईस फोन करावा. ही किल्ली सांपडली नाहीं तर कोणत्याहि कारागिराला तें कुलूप उघडतां येत नाहीं. यंत्र चांगलें आहे तोंवरच हे ४८ अंक कागदावर उतरून कपाटांत ठेवावे, हें उत्तम.

दुसरी अडचण डिस्कच मरणपंथास लागल्याची. फिरत्या तबकडीची डिस्क टकटक करूं लागली, किंवा फाईल उतरतां उतरतां वारंवार अडूं लागली, तर चेकडिस्कसारखे दुरुस्तीचे प्रयोग करूं नयेत. ते डिस्कला आणखी पळावयास लावतात. डीडी-रेस्क्यू नांवाचें फुकट मिळणारें साधन प्रथम डिस्कचा चांगला भाग जसाच्या तसा उतरून घेतें व मग वाईट भागाकडे वळतें; शिवाय कोठवर आलें याची नोंद ठेवतें, म्हणून काम अर्ध्यावर राहिलें तरी पुढें चालवितां येतें. फायली त्या प्रतीमधून शोधाव्या. हल्लींच्या एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्यें तबकडी नाहीं, म्हणून टकटकहि नाहीं; परंतु तिच्यांत पुसलेला मजकूर ट्रिम नांवाच्या व्यवस्थेमुळें लवकरच खरोखर नाहींसा होतो. जुन्या तबकडीवर फॉर्मॅट झाल्यावरहि कांहीं आशा असे. एसएसडीवर ती फारशी धरूं नये.

महाड–पोलादपूरच्या मुलखांत आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे पाणी. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें आणि त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. माणसांच्या त्या हानीपुढें यंत्रांची हानि कांहींच नव्हे. परंतु पाणी ओसरल्यावर जगणें पुन्हां उभें करावयाचें असतें. विम्याचा दावा मांडावयास मालाची नोंद लागते, उधारी वसूल करावयास खातें लागतें, आणि तीं चिखलांत निघालेल्या डिस्कवर असतात. भिजलेल्या लॅपटॉपचें बटण चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठींहि दाबूं नये. पाण्यापेक्षां त्या पाण्यांतून वाहणारी वीज अधिक नाश करते. चार्जर ताबडतोब काढावा, बॅटरी काढतां येत असेल तर काढावी. तांदुळाच्या डब्यांत ठेवल्यानें गुण येत नाहीं. चिखलाचें पाणी शिरलेली तबकडीची डिस्क उन्हांत अगर चुलीजवळ वाळवूं नये व उघडूं तर मुळींच नये. गाळ तबकडीवर सुकून बसतो. ती तशीच पिशवींत बांधून, माहिती परत मिळविण्याचें काम करणाऱ्या जाणकार प्रयोगशाळेकडे द्यावी. आकार किती व माहिती न निघाल्यास काय, हें आधीं लेखी ठरवावें. आणि कोणाकडेहि यंत्र देतांना आपलीं आधार व बँकेचीं कागदपत्रें त्यांत आहेत याचें भान ठेवावें. शक्य असेल तेथें डिस्क काढून घरीं ठेवावी, नाहींतर समोर बसून काम करून घ्यावें.

दप्तर सुरक्षित झालें कीं कारभारी बदलण्याचें काम निर्भयपणें करतां येतें. विंडोज नव्यानें बसविण्याची सामग्री मायक्रोसॉफ्टच्या स्थळावरून फुकट उतरतां येते. त्यासाठीं निदान ८ जीबीचा दुसरा पेन ड्राइव्ह लागतो. ज्या यंत्रावर अधिकृत विंडोज पूर्वीं चालत होती त्याचा परवाना यंत्राच्या मुख्य पट्टीशीं बांधलेला असतो; तीच आवृत्ति बसविली तर इंटरनेट मिळतांच ती आपोआप ओळखली जाते, म्हणून नवा परवाना विकत घेण्याची गरज बहुधा नसते. काम सुरू करण्यापूर्वीं ज्या बाहेरच्या डिस्कवर दप्तर उतरलें ती काढून दूर ठेवावी. डिस्क निवडण्याच्या पडद्यावर चुकून तिच्यावर बोट पडलें तर सारा खटाटोप व्यर्थ जातो. वाय-फायचें ड्रायव्हर सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या कंपनीच्या स्थळावरून आधींच उतरून ठेवावें, कारण नवी विंडोज इंटरनेट मागते आणि इंटरनेटसाठीं लागणारें ड्रायव्हर इंटरनेटवरच असतें, असा पेंच पुष्कळांना पडतो.

जुन्या यंत्राच्या धन्यानें येथें थोडा विचार करावा. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ४ जीबी स्मृति व ६४ जीबी डिस्क लागते, आणि मुलानें वापरून दिलेलीं कित्येक यंत्रें पहिल्याच अटींत अडतात. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबंटू कायमची बसविणें हा सुजाण मार्ग आहे. पत्र लिहिणें, हिशेबाचे तक्ते, वर्तमानपत्र वाचणें, नातवंडांशीं दृश्य-संभाषण करणें हीं कामें त्यावर उत्तम होतात, आणि मराठी टंकलेखनाचीहि सोय त्यांत असते. टॅली मात्र विंडोजसाठीं केलेली आहे. तेव्हां दुकानाचा हिशेब त्याच यंत्रावर ठेवणाऱ्यानें याचा आधीं विचार करावा.

आतां एक गोष्ट अशी आहे कीं जी इंग्रजी भाषेंत लिहिणाऱ्यांना सहसा भेडसावीत नाहीं, पण मराठी घरांना हमखास भेडसावते. सर्व यथासांग झालें, स्मरणिकेची फाईल परत आली, गुरुजींनीं ती उघडली, आणि पडद्यावर मराठीच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा काला उमटला! फाईल बिघडली असें वाटतें. ती बिघडलेली नसते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीं मराठी लेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत होत असे. पुण्याच्या सी-डॅकनें व खाजगी कंपन्यांनीं अशा फाँटांनीं मराठीला संगणकावर आणलें, हे त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्या पद्धतींत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फाँट यंत्रांत आहे तोंवर मराठी दिसे. नवी विंडोज बसली, जुना फाँट गेला, कीं खालचीं इंग्रजी अक्षरें उघडीं पडतात. म्हणून दप्तर उतरतांना विंडोज कप्प्यांतील फाँट्स हा कप्पाहि उतरून घ्यावा. तो हातीं असला तर लिखाण पुन्हां वाचतां येतें, आणि मग रूपांतर करणाऱ्या साधनानें तें युनिकोडमध्यें कायमचें आणतां येतें.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, माळ्यांवरचीं व तळघरांतलीं रुमालें सोडवून, जुने कागद मिळविले. १८९८ सालीं त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. त्या कागदांची लिपि मोडी होती. कागद शाबूत राहिले. परंतु मोडी वाचणारीं माणसें विरळ होत गेलीं तसतसे हातांतले कागदहि मुके होऊं लागले. कागद राखणें व लिपि राखणें हीं दोन कामें आहेत, हा धडा तेथें मिळाला आहे. वीस वर्षांपूर्वींच्या फाँटांत अडकलेलें आपलें लिखाण हें आपल्या पिढीचें मोडी दप्तर होय. आणि तें बालबोधीत आणण्याचें काम पुढच्या पिढीवर ढकलण्यांत शहाणपण नाहीं.

राहतां राहिला पुढच्या वेळेचा प्रश्न. कारण डिस्क कोणतीहि असो, ती केव्हांतरी बंद पडणारच. दप्तराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतली एक दुसऱ्या गांवीं असावी, असा जाणत्यांचा सर्वमान्य नियम आहे. कोंकणांतील घरास तर त्याचें शेवटलें कलम सर्वांत महत्त्वाचें. लॅपटॉप आणि त्याची बाहेरची डिस्क एकाच कपाटांत असल्या तर पूर दोहोंनाहि एकाच वेळीं नेतो. महिन्याच्या ठरलेल्या दिवशीं प्रत करावी. गणपतींत व शिमग्याला मुंबईहून माणसें येतात, तेव्हां एक डिस्क त्यांच्याबरोबर परत जावी व आधींची बदलून यावी. वीरच्या स्टेशनावरून मुंबईकडे जाणाऱ्या पिशवींत तांदूळ, आंबोशी व कोकम असतातच. त्यांत वहीएवढी एक डिस्क सहज मावते. आणि इतकें करूनहि यंत्र कधीं अडलेंच, तर दुरुस्ती करणाऱ्यास पहिला प्रश्न एकच विचारावा: फॉर्मॅट मागाहून पाहूं, आंतलें दप्तर आधीं बाहेर कसें काढावयाचें?